मर्दनचिकित्सा : कार्य, लाभ आणि मर्यादा

त्वचा, स्नायू, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि या सर्वांना वेढून असणारे संयोजी ऊतींचे पातळ आवरण यांवर हातांनी विशिष्ट पद्धतीने दाब, ताण, घर्षण किंवा कंप देऊन वेदना कमी करणे, हालचाल मोकळी करणे आणि शरीराला व मनाला विश्रांती मिळवून देणे, या उपचाराला मर्दनचिकित्सा म्हणतात. बाळबाळंतिणीला तेल लावून अंग रगडणे, तालमीत पैलवानांनी एकमेकांची मालीश करणे, दमून आलेल्या वडीलधाऱ्यांचे पाय चेपणे आणि प्रशिक्षित चिकित्सकाने रुग्णावर केलेले मर्दन यांत हातांच्या हालचाली पुष्कळशा सारख्याच असतात. तरीही चिकित्सेचे स्वरूप त्यापैकी शेवटच्या प्रकारालाच येते, कारण त्यात आधी तपासणी होते, तक्रारीनुसार हातांची क्रिया, दाब आणि कालावधी निश्चित केला जातो, परिणाम तपासला जातो आणि कोणाला मर्दन करू नये याचाही विचार असतो.

मर्दनाने आखडलेले स्नायू मोकळे होतात, रक्त खेळते राहते आणि म्हणून बरे वाटते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिच्यात काही अंशी तथ्य आहे; परंतु गेल्या साठ वर्षांतील संशोधन पाहता मर्दनाचा मोठा परिणाम स्नायूंच्या यांत्रिक हाताळणीपेक्षा त्वचा व स्नायू यांच्याकडून मज्जारज्जू आणि मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांमुळे घडतो, असे दिसून येते. चांगल्या चिकित्सकाचा हात अधिक जोर लावतो असे नाही, तर रुग्णाची मज्जासंस्था जेवढा दाब सुरक्षित म्हणून स्वीकारते तेवढाच तो लावतो. या प्रकरणातील पुढील विवेचन या एका मुद्द्याभोवती गुंफलेले आहे.

परंपरा आणि शास्त्रीय मांडणी

भारतात मर्दनाचा विचार आयुर्वेदाने दिनचर्येचा भाग म्हणून केला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अंगाला तेल लावण्याचे, म्हणजे अभ्यंगाचे, गुण सांगितले आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात रोज अभ्यंग करावा आणि डोके, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, असा उपदेश आहे. त्याच ठिकाणी कफाने पीडित असलेले, नुकतेच वमन-विरेचनासारखे शोधनोपचार घेतलेले आणि अजीर्ण झालेले लोक यांनी अभ्यंग टाळावा, असेही म्हटले आहे. उपचाराचे गुण सांगताना त्याच दमात त्याचा निषेधही सांगण्याची ही शिस्त विशेष महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल व उटणे लावून केले जाणारे अभ्यंगस्नान हा याच परंपरेचा घराघरांत टिकून राहिलेला अंश होय.

भारतीय मर्दन युरोपात पोहोचवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात शेख दीन महंमद यांच्याकडे जाते. १७५९ साली पाटण्यात जन्मलेल्या या गृहस्थांनी इंग्लंडमधील ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी बाष्पस्नान आणि चंपी यांचे उपचारगृह चालवले, त्याविषयी १८२२ साली पुस्तक प्रसिद्ध केले आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या राजांच्या सेवेत मर्दनतज्ज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच सुमारास स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग हे १८१३ साली स्टॉकहोम येथे स्थापन झालेल्या व्यायामसंस्थेत वैद्यकीय व्यायामाची पद्धत घडवत होते. पुढे डच वैद्य योहान गेओर्ग मेट्सगर आणि त्यांच्या शिष्यांनी मर्दनातील हातांच्या क्रियांची वर्गवारी करून त्यांना फ्रेंच नावे दिली. आज ‘स्वीडिश मसाज’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत लिंग यांच्या नावावर जमा असली, तरी तिची प्रत्यक्ष मांडणी मेट्सगर यांच्या परंपरेतून आलेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये मर्दनाच्या नावाखाली गैरप्रकार चालत असल्याच्या बातम्यांनी या व्यवसायाची बदनामी झाली. तेव्हा १८९४ साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मर्दनकर्मींची संस्था स्थापन केली. अभ्यासक्रम, परीक्षा आणि आचारसंहिता या तीन आधारांवर उभी राहिलेली ही संस्था म्हणजेच आजच्या ब्रिटिश फिजिओथेरपी व्यवसायाची मातृसंस्था. मर्दनाला प्रतिष्ठा हवी असेल तर शिक्षण आणि शिस्त यांना पर्याय नाही, हे या इतिहासाने सव्वाशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले. महाराष्ट्रात निसर्गोपचाराच्या चळवळीने मर्दनाला उपचारपद्धतीत स्थान दिले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते, तर महात्मा गांधी यांनी १९४६ साली पुण्याजवळील उरुळी कांचन येथे सुरू केलेल्या आश्रमात आहार, जलोपचार आणि मर्दन यांचा एकत्रित उपयोग आजही केला जातो.

हातांच्या पाच क्रिया

आधुनिक मर्दनाच्या बहुतेक पद्धती पाच मूलभूत क्रियांवर आधारलेल्या आहेत. पहिली क्रिया सरकत्या स्पर्शाची असून तिला एफ्लुराज असे फ्रेंच नाव आहे. तळहात त्वचेवर सपाट ठेवून तो संथ गतीने, हातापायांवर असेल तर हृदयाच्या दिशेने, सरकवला जातो. तेल सारखे पसरणे, रुग्णाला स्पर्शाची सवय होणे आणि कोणता भाग गरम, कठीण किंवा हळवा आहे याचा चिकित्सकाला अंदाज येणे, हे सारे या क्रियेतून साधते. म्हणून मर्दनाची सुरुवात आणि शेवट बहुधा याच क्रियेने होतो.

दुसरी क्रिया मळण्याची. कणीक तिंबताना ज्याप्रमाणे गोळा उचलून, दाबून, पिळून पुन्हा सोडला जातो, त्याप्रमाणे स्नायूचा मांसल भाग हाडापासून किंचित वर उचलून दोन्ही हातांनी आळीपाळीने दाबला जातो. खांदे, मांड्या आणि पोटऱ्या यांसारख्या भरदार भागांवर ही क्रिया विशेष उपयोगी पडते. तिसरी क्रिया घर्षणाची. तिच्यात अंगठा किंवा बोटाचे टोक त्वचेवर न घसरता त्वचेसह खालच्या ऊतींवर फिरवले जाते. लंडनमधील सेंट थॉमस रुग्णालयातील वैद्य जेम्स सिरियॅक्स यांनी विसाव्या शतकात कंडरा व अस्थिबंध यांच्या दुखण्यांसाठी तंतूंच्या आडव्या दिशेने करायच्या खोल घर्षणाची पद्धत रूढ केली आणि ती फिजिओथेरपीच्या शिक्षणात समाविष्ट झाली.

चौथी क्रिया ठोक्यांची. तळहाताची खोलगट ओंजळ, हाताची कड किंवा सैल मूठ यांनी लयबद्ध थोपटले जाते. छातीत साठलेला कफ सुटावा म्हणून फिजिओथेरपिस्ट पाठीवर जे थोपटतात, ते याच क्रियेचे उपचारात्मक रूप होय. पाचवी क्रिया कंपाची. बोटे किंवा तळहात एका जागी टेकवून बारीक थरथर निर्माण केली जाते. यांखेरीज दुखऱ्या बिंदूवर काही सेकंद स्थिर दाब देण्याची रीतही प्रचलित आहे. स्नायूत हाताला लागणाऱ्या आणि दाबल्यावर दूरवर कळ पाठवणाऱ्या अशा बिंदूंचा सविस्तर अभ्यास अमेरिकी वैद्य जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी केला. बोलीभाषेत त्यांना ‘गाठ’ म्हटले जात असले, तरी ती दाबून फोडायची वस्तू नसते, एवढे लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

स्पर्श मेंदूपर्यंत कसा पोहोचतो

त्वचेत स्पर्शाची नोंद घेणारे अनेक प्रकारचे संवेदनाग्राही असतात. काही हलका स्पर्श टिपतात, काही सतत राहणारा दाब, काही ताण, तर काही कंप. दाबामुळे पेशीच्या आवरणावर ताण आला की त्यातील विशिष्ट प्रथिनांची दारे उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि मज्जातंतूत संदेश निर्माण होतो. ‘पिएझो’ या नावाने ओळखली जाणारी ही प्रथिने शोधल्याबद्दल आर्डेम पटापुटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासमवेत २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हाताचा दाब हा अशा रीतीने केवळ भौतिक बल न राहता जैविक संदेश बनतो.

या संदेशवाहक तंतूंमध्ये दोन गट मर्दनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. एक गट जाड आणि वेगवान तंतूंचा असून तो स्पर्श कोठे झाला, किती जोराने झाला याची माहिती क्षणार्धात मेंदूला देतो. दुसरा गट अतिशय बारीक आणि मंद तंतूंचा असून तो प्रामुख्याने केस असलेल्या त्वचेत आढळतो. स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिल्याप्रमाणे सेकंदाला सुमारे १ ते १० सेंटिमीटर या संथ गतीने होणाऱ्या हळुवार स्पर्शाला हे तंतू सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि त्यांचे संदेश मेंदूच्या भावनांशी निगडित भागांत पोहोचतात. सरकत्या स्पर्शाची क्रिया संथ का असावी, घाईघाईने चोळलेल्या अंगाला ते सुख का मिळत नाही, याचे एक उत्तर या तंतूंच्या स्वभावात सापडते.

वेदनाशमनाचा विचार करताना १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेला ‘द्वार-नियंत्रण सिद्धांत’ महत्त्वाचा ठरतो. या सिद्धांतानुसार मज्जारज्जूत वेदनेचे संदेश मेंदूकडे पुढे जाऊ द्यावेत की अडवावेत, हे ठरवणारी एक प्रकारची यंत्रणा असते. स्पर्श व दाब यांचे संदेश जाड तंतूंतून येऊ लागले, की ती वेदनेच्या संदेशांना काही प्रमाणात अटकाव करते. कोपर कोठे आदळले की माणूस नकळत ते चोळू लागतो, यामागचे कारण हेच आहे. मूळ सिद्धांतात पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या आणि मेंदूकडून खाली येणारे वेदनाशामक संदेशही तितकेच महत्त्वाचे असल्याचे स्पष्ट झाले, तथापि स्पर्शाने वेदना कमी होते यामागील मूळ तत्त्व कायम राहिले.

मर्दनाचा तिसरा परिणाम स्वायत्त मज्जासंस्थेवर होतो. हृदयाची गती, श्वास, पचन आणि रक्तदाब इच्छेविना चालवणाऱ्या या संस्थेचे दोन भाग आहेत: धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारा अनुकंपी भाग आणि विश्रांती व पचन यांना अनुकूल असणारा परानुकंपी भाग. मायामी विद्यापीठातील टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की मध्यम दाबाच्या मर्दनाने हृदयगतीवर परानुकंपी भागाचा प्रभाव वाढतो, परंतु अगदी वरवरच्या हलक्या दाबाने तसे घडत नाही. दुसरीकडे, असह्य दाबाने शरीर आक्रसते, श्वास रोखला जातो आणि अनुकंपी भाग जागा होतो. ‘दुखल्याशिवाय गुण येत नाही’ ही समजूत यामुळेच उपचाराच्या मुळावर येते.

स्नायूंमध्ये काय घडते

मज्जासंस्थेचा वाटा मोठा असला तरी स्नायूंतही प्रत्यक्ष बदल घडतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ११ तरुणांना थकून जाईपर्यंत व्यायाम करायला लावून त्यांच्या केवळ एका पायाला १० मिनिटे मर्दन करण्यात आले आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासण्यात आले. मर्दन केलेल्या पायात दाह घडवणाऱ्या रसायनांचे संदेश कमी झालेले आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांच्या निर्मितीशी संबंधित संदेश वाढलेले आढळले. प्रयोग लहान असला तरी मर्दनाचा परिणाम पेशींपर्यंत पोहोचतो, याचा तो थेट पुरावा होता.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. मर्दनामुळे स्नायूंतील लॅक्टिक आम्ल निघून जाते, ही खेळाडूंमध्ये आणि व्यायामशाळांत पक्की बसलेली कल्पना खरी ठरली नाही. लॅक्टेटच्या पातळीत मर्दनाने फरक पडलेला दिसला नाही. मुळात व्यायामानंतर तासाभरात शरीर स्वतःच लॅक्टेटचा निचरा करते आणि एक-दोन दिवसांनी जाणवणाऱ्या अंगदुखीचे कारण लॅक्टेट नसून स्नायूतंतूंना झालेली सूक्ष्म इजा व त्यानंतरचा दाह असतो. ‘मर्दनाने शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडतात’ या जाहिरातीतील वाक्यालाही असाच आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करत असतात. त्याचप्रमाणे पोट किंवा मांड्या रगडून चरबी वितळत नाही. अशा दाव्यांची मर्दनाला गरजही नाही, कारण त्याचे खरे लाभ पुरेसे मोलाचे आहेत.

लसिकासंस्थेवरील मर्दन हा मात्र वेगळा आणि सिद्ध विषय आहे. ऊतींमधील जादा द्रव गोळा करून रक्तात परत नेणाऱ्या बारीक नलिकांच्या जाळ्याला लसिकासंस्था म्हणतात. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी काढल्या गेल्यास किंवा किरणोपचारांनी त्यांना इजा झाल्यास हाताला सूज राहू शकते. डेन्मार्कचे एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेल्या लसिका-निचरा पद्धतीत त्वचा केवळ हलकेच ताणली जाते. पट्टी बांधणे, व्यायाम आणि त्वचेची निगा यांच्या जोडीने ही पद्धत सूज आटोक्यात ठेवण्यासाठी जगभर वापरली जाते. येथे जोर लावणे उपयोगाचे नसते, कारण ज्या नलिकांना चालना द्यायची त्या त्वचेच्या अगदी लगत असतात.

लाभांचा पुरावा

कंबरदुखी हे मर्दन घेण्याचे सर्वांत सामान्य कारण असून त्यावर चांगला अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील सिएटल परिसरात जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवर केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून एकदा याप्रमाणे १० आठवडे मर्दन घेतलेल्या रुग्णांना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्ट आराम मिळाला. हा फायदा सुमारे सहा महिने टिकला आणि वर्षअखेरीस बराच ओसरला. विशेष म्हणजे विश्रांतीसाठीचे साधे मर्दन आणि विशिष्ट ऊतींवर लक्ष केंद्रित करणारे मर्दन यांच्या परिणामांत महत्त्वाचा फरक दिसला नाही. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने २५ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा लाभ प्रामुख्याने अल्पकालीन असून पुराव्याचा दर्जा कमी असल्याचे नोंदवले गेले. तरीही अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्या संस्थेने २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांत नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीसाठी औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक व मर्दन यांचा समावेश केला. या तिन्ही निष्कर्षांचा मेळ घातला तर असे म्हणता येते की मर्दन कंबरदुखीचे मूळ कारण नाहीसे करत नाही, परंतु चालणे, व्यायाम आणि दैनंदिन कामे पुन्हा सुरू करण्यासाठी आवश्यक असलेला दिलासा ते देते. त्या दिलाशाचा उपयोग हालचाल वाढवण्यासाठी केला, तरच त्याचे चीज होते.

औषधाप्रमाणे मर्दनालाही मात्रा असते, हे मानदुखीवरील अभ्यासातून दिसले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, २२८ रुग्णांच्या अभ्यासात आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा एकेक तासाचे मर्दन घेणाऱ्यांना अधिक गुण आला, तर अर्ध्या अर्ध्या तासाच्या बैठकींचा उपयोग फारसा झाला नाही. गुडघ्याच्या संधिवातावरील अमेरिकी अभ्यासांतही आठवड्याला एक तासाचे मर्दन ही मात्रा व्यवहार्य आणि उपयुक्त ठरली. त्यामुळे पाच-दहा मिनिटे खांदे दाबून घेऊन जुनी मानदुखी बरी होण्याची अपेक्षा धरणे योग्य नाही.

चिंता आणि खिन्नता यांच्या बाबतीत २००४ साली ३७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की सलग अनेक बैठकी घेतल्यास चिंता व खिन्नता यांत होणारी घट मानसोपचारांतून मिळणाऱ्या लाभाच्या जवळपास असते. मात्र कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची पातळी मर्दनाने मोठ्या प्रमाणात खाली येते, हा प्रचलित दावा नंतरच्या विश्लेषणात टिकला नाही. म्हणजे मनाला स्वस्थता मिळते हे खरे, परंतु तिचे कारण एका संप्रेरकात शोधणे अपुरे आहे. तीव्र खिन्नतेत मर्दन हे मानसोपचारतज्ज्ञांच्या उपचारांना पूरक ठरते, त्यांची जागा घेऊ शकत नाही.

सर्वांत हृद्य पुरावा अपुऱ्या दिवसांच्या बाळांसंबंधीचा आहे. टिफनी फील्ड यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा बाळांना दहा दिवस, दिवसातून तीन वेळा १५ मिनिटे स्पर्श व हातापायांची हालचाल दिली गेली. त्यांचे वजन इतर बाळांच्या तुलनेत दररोज ४७ टक्के अधिक वेगाने वाढले आणि ती सुमारे सहा दिवस लवकर घरी गेली. मुंबईतील सायन रुग्णालयाशी संलग्न डॉक्टरांनी केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने मर्दन केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेलाच्या तुलनेत अधिक वेगाने वाढल्याचे दिसले. आजीच्या हातातील खोबरेल तेलाच्या वाटीला आधुनिक वैद्यकाने दिलेला हा दुजोरा आहे. मात्र त्याच परंपरेतील काही रीती सोडून द्यायला हव्यात: बाळाच्या नाकात किंवा कानात तेल घालणे, छातीचे स्तनाग्र पिळणे, आणि डोक्याला किंवा नाकाला आकार देण्यासाठी ते दाबणे. नाकातले तेल फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो आणि स्तन पिळल्याने गळू होण्याचा धोका असतो.

उपचाराची बैठक

व्यावसायिक मर्दनाची सुरुवात तेलाने नव्हे, प्रश्नांनी होते. दुखणे केव्हापासून आहे, कशाने वाढते, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, चालू औषधे, मधुमेह, रक्तदाब, गर्भारपण, त्वचेची ॲलर्जी यांची माहिती घेतली जाते. हालचालीची कक्षा तपासली जाते. कोणत्या भागांवर आणि का मर्दन केले जाणार हे सांगून रुग्णाची संमती घेतली जाते. ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच उघडा ठेवून उर्वरित शरीर चादरीने झाकणे, हा या व्यवसायाचा पाळलाच पाहिजे असा नियम आहे. रुग्णाने कोणत्याही क्षणी ‘थांबा’ म्हटले तर हात थांबलाच पाहिजे.

तिळाचे किंवा खोबरेल तेल हात सहज सरकावा म्हणून लावले जाते. खोल घर्षणाच्या वेळी मात्र तेल कमी ठेवले जाते, कारण तेथे हात घसरून उपयोग नसतो. दाब हळूहळू वाढवला जातो आणि चेहरा, श्वास व स्नायूंचा प्रतिसाद यांवर सतत लक्ष ठेवले जाते. हवाहवासा वाटणारा दाब आणि शरीर आक्रसायला लावणारी वेदना यांतील सीमारेषा प्रत्येक व्यक्तीत वेगळी असते व ती रुग्णालाच विचारून कळते. बैठकीनंतर काही मिनिटे पडून राहून सावकाश उठावे, कारण विश्रांतीच्या अवस्थेत रक्तदाब किंचित खाली आलेला असतो व झटकन उभे राहिल्यास चक्कर येऊ शकते. दुसऱ्या दिवशी थोडे अंग ठणकणे स्वाभाविक आहे. परंतु काळेनिळे डाग पडणे, सूज येणे किंवा मुंग्या येणे ही चुकीच्या मर्दनाची लक्षणे होत.

मर्दन केव्हा करू नये

ताप, त्वचेचा संसर्ग, भाजलेली किंवा उघडी जखम आणि ताजा अस्थिभंग असताना मर्दन करू नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. तितकेच महत्त्वाचे, पण कमी माहीत असलेले धोके आणखी आहेत. शस्त्रक्रियेनंतर, दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्यावर किंवा लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली आणि दुखू लागली, तर तेथील खोलवरच्या नीलेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशी पोटरी रगडल्यास गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते आणि जीव जाऊ शकतो. अशा वेळी मर्दन नव्हे, डॉक्टर हवा.

कोपराला मार लागल्यावर किंवा तेथील हाड मोडल्यावर हाडवैद्याकडून जोराने चोळून घेण्याची रीत अनेक गावांत आहे. इजा झालेल्या कोपराभोवतीचे स्नायू असे रगडले गेले, तर त्यांच्यातच हाड तयार होऊ लागते आणि सांधा कायमचा आखडतो. ही टाळता येण्याजोगी व्यंगावस्था आजही अस्थिरोगतज्ज्ञांना पाहावी लागते, ही खेदाची बाब आहे. केशकर्तनालयात चंपीनंतर मान झटक्याने मोडण्याची सवयही तितकीच घातक आहे, कारण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतील थर फाटून पक्षाघात होऊ शकतो. चंपी सुखद आणि निरुपद्रवी आहे. मानेला दिलेला झटका तसा नाही.

रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, रक्तातील बिंबाणूंची संख्या कमी असलेले आणि हाडे ठिसूळ झालेले वृद्ध यांना खोल दाब देऊ नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या रुग्णाला दाब किंवा शेक अधिक झाल्याचे कळत नाही, म्हणून तेथे विशेष जपावे लागते. कर्करोगात मर्दनाने रोग पसरतो ही भीती निराधार आहे आणि अनेक कर्करोग केंद्रांत वेदना व चिंता कमी करण्यासाठी हलके मर्दन वापरले जाते; तथापि गाठीची जागा आणि रोग पोहोचलेली हाडे टाळून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ते करावे. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील भागात बधिरता, ताप, अकारण वजन घटणे किंवा रात्री झोपू न देणारी कळ असेल, तर मर्दनात एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे.

हात आणि त्यामागचे शिक्षण

कॅनडातील ऑन्टॅरिओ व ब्रिटिश कोलंबिया यांसारख्या प्रांतांत मर्दनचिकित्सकांना दीर्घ अभ्यासक्रम, परीक्षा आणि शासनमान्य नोंदणी यांखेरीज व्यवसाय करता येत नाही. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या दृष्टिहीन चिकित्सकाच्या प्रयत्नांमुळे दृष्टिहीनांना सूचिचिकित्सा व मर्दन यांचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले आणि त्यातून त्यांना सन्मानाची उपजीविका लाभली. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते आणि पंचकर्म नोंदणीकृत वैद्यांच्या देखरेखीखाली चालते. परंतु केवळ मर्दन करणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींसाठी सक्तीचा अभ्यासक्रम किंवा परवाना नाही.

त्यामुळे दोन टोके निर्माण झाली आहेत. एकीकडे चकचकीत स्पामध्ये विषद्रव्ये बाहेर काढण्याचे दावे विकले जातात, तर दुसरीकडे घरोघरी जाऊन बाळबाळंतिणीला तेल लावणाऱ्या स्त्रिया, तालमीतले वस्ताद आणि चंपीत हात बसलेले कारागीर पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य बाळगूनही अल्प मोबदल्यात आणि प्रतिष्ठेविना काम करतात. या हातांना शरीररचनेचे प्राथमिक ज्ञान, धोक्याची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण आणि प्रमाणपत्र मिळाले, तर सार्वजनिक आरोग्याला तो मोठा आधार होईल. आरोग्य विभाग, कौशल्य विकास संस्था आणि वैद्यकीय महाविद्यालये यांनी एकत्र येऊन असे छोटे, मराठीतून चालणारे अभ्यासक्रम सुरू केले पाहिजेत. ते महागडे नाहीत आणि त्यांना उशीर करण्याचे काही कारणही नाही.

तोपर्यंत मर्दन घेऊ इच्छिणाऱ्याने तीन गोष्टींची खातरजमा करावी. समोरच्या व्यक्तीने कोठे व किती काळ शिक्षण घेतले आहे. हात लावण्यापूर्वी ती आजारांची आणि औषधांची चौकशी करते का. आणि दाब असह्य होतो असे सांगितल्यावर ती लगेच हात हलका करते का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर निर्धास्तपणे मर्दन घ्यावे, आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर तेथून उठून यावे.